काठमांडू ते इस्लामाबाद, व्हाया अंधेरी: स्टीफन कॉन्स्टंटाईनबद्दल

स्टीफन कॉन्स्टंटाईन, म्हणजे भारताच्या फुटबॉल टीमचा दोनदा झालेला इंग्लिश कोच, हे नाव काढलं की आपल्याकडच्या फुटबॉल बघणाऱ्यांचे लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो की याने भारताला फिफाच्या रँकिंगमध्ये 173 व्या नंबरवरून 96 वर आणलं, अजून काय पाहिजे. दुसरा म्हणतो हो आणलं, पण ते फुटबॉल बघवत होतं का, मागून लांब बॉल मारायचा आणि पुढे आपला स्ट्रायकर सुनील छेत्री काहीतरी करेल म्हणून वाट बघत बसायची. मी पहिल्या गटातला. पण त्या 96 आकड्यामुळे नाही. मला हा माणूस महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या अख्ख्या करिअरमुळे, आणि ते करिअर आपल्याकडे फारसं कुणी बघितलंच नाहीये. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

1962 चा जन्म, लंडनचा, घरचं नातं सायप्रसशी. खेळाडू म्हणून सांगण्यासारखं फार नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टोनर्स नावाच्या टीमकडून खेळला, मग न्यूयॉर्क पॅनसिप्रियन फ्रीडम्सकडून, म्हणजे न्यूयॉर्कला जाऊन राहिलेल्या सायप्रसच्या लोकांचा क्लब. गुडघा गेला आणि वयाच्या 26 व्या वर्षी खेळणं संपलं. आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इंग्लंडमध्ये कोच व्हायचं तर खेळाडू म्हणून मोठं नाव असलं की दार आपोआप उघडतं, कुठल्यातरी क्लबमध्ये जुना सहकारी बसलेला असतो, तो बोलावतो. याचं नावच नव्हतं. मग याने काय केलं, तर कोचिंगचे बॅज एकामागून एक घेत गेला, यूएफाचं प्रो लायसन्स घेतलं, पुढे फिफाचा इन्स्ट्रक्टर झाला, आणि जिथून बोलावणं येईल तिथे गेला. सुरुवात सायप्रसमधल्या क्लबांपासून, आणि 1999 मध्ये थेट नेपाळ.

नेपाळच्या नॅशनल टीमचा कोच! त्या काळात युरोपातला कुठला तरुण कोच ही नोकरी स्वतःहून घेईल? त्याच वर्षी काठमांडूत सॅफ गेम्स, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या क्रीडास्पर्धा झाल्या, नेपाळ फायनलपर्यंत गेलं, बांगलादेशकडून 1-0 ने हरलं आणि सिल्व्हर मिळालं. नेपाळी लोक अजून त्या टीमबद्दल बोलतात.

तिथून 2002 ला तो आपल्याकडे आला. ही पहिली इनिंग आजच्या पोरांना माहीतच नसते. बायचुंग भुतिया कॅप्टन, आयएसएल (इंडियन सुपर लीग) वगैरे काही नाही, नॅशनल लीगचा जमाना, मॅच टीव्हीवर लागली तर लागली. त्या वर्षी व्हिएतनाममध्ये एलजी कप झाला, हो ची मिन्ह सिटीत यजमान व्हिएतनामलाच फायनलमध्ये 3-2 ने हरवून भारताने तो जिंकला. 2003 ला हैदराबादला आफ्रो-एशियन गेम्समध्ये सिल्व्हर. फेब्रुवारी 2004 मध्ये वर्ल्ड कप पात्रता फेरीत मडगावला सिंगापूरला 1-0 ने हरवलं, रेनेडी सिंगचा गोल. ही मडगावची मॅच लक्षात ठेवा, शेवटी परत मडगावलाच यायचंय.

पण त्याच पात्रता फेरीत ओमानने कोचीत येऊन 5-1 ने धुतलं, जपानने सैतामात 7-0 आणि कोलकात्यात 4-0. कोलकात्याच्या त्या मॅचला तर सॉल्ट लेक स्टेडियमचे फ्लडलाईट्स गेले होते आणि खेळ थांबवून ठेवावा लागला होता, जपानसारख्या टीमसमोर. आपलं फुटबॉल तेव्हा नक्की कुठे होतं ते या एका गोष्टीवरून कळतं. कोच बदलून लाईट येत नाहीत हो. 2005 ला तो गेला.

मग मिलवॉल, म्हणजे लंडनमध्येच, फर्स्ट टीमच्या कोचिंग स्टाफमध्ये. बहुतेकांना वाटलं असेल आता हा घरी पोचला, आता इथेच राहील. पण नाही. 2007 ला मलावी. 2009 ला सुदान. मधे मधे सायप्रसचे क्लब. 2014 ला रवांडा.

रवांडाचं प्रकरण मात्र सांगितलंच पाहिजे, कारण असल्या कोचची नोकरी कशी असते ते त्यातून नीट दिसतं. आफ्रिका कपच्या पात्रता फेरीत रवांडाने आधी लिबियाला बाहेर काढलं, घरच्या मैदानावर 3-0, तिन्ही गोल डॅडी बिरोरी नावाच्या स्ट्रायकरचे. पुढच्या फेरीत काँगो, ब्राझाव्हिलवालं. तिकडे 2-0 ने हरले, किगालीला 2-0 ने जिंकले, आणि पेनल्टीवर काँगोला हरवून पुढच्या ग्रुप फेरीत गेले. नवीन कोच, येऊन काही महिने झालेले, आणि एवढं मोठं यश. आणि मग तक्रार झाली की हा बिरोरी शेजारच्या दुसऱ्या काँगोमधल्या, म्हणजे किन्शासावाल्या, त्याच्या क्लबकडून वेगळ्याच नावाने आणि वेगळ्याच जन्मतारखेने खेळतो, म्हणजे एकाच माणसाचे दोन पासपोर्ट. आफ्रिकन फेडरेशनने रवांडाला स्पर्धेतून बाहेर काढलं आणि काँगोला परत घेतलं. मैदानावर कमावलेलं सगळं एका कागदावर गेलं. ज्याला मोठ्या क्लबमध्ये नोकरी आहे त्याला असल्या गोष्टींशी सामना करावा लागत नाही. नेपाळ, मलावी, सुदान, रवांडा इथे काम करणाऱ्याला करावाच लागतो, ग्राउंड नसणं, प्रॅक्टिसला खेळाडू वेळेवर न मिळणं, फेडरेशनमधली भांडणं, हे सगळं गृहीत धरून कामाला लागायचं असतं.

जानेवारी 2015 मध्ये तो परत भारतात आला. माझ्या मते इथून खरी गोष्ट सुरू होते.

मार्च 2015 ला भारत 173 व्या नंबरवर होता. त्याची पहिली मॅच गुवाहाटीला नेपाळविरुद्ध, 2-0 ने जिंकली, दोन्ही गोल छेत्रीचे, आणि त्या मॅचला संदेश झिंगन पहिल्यांदा भारताकडून खेळला. पुढे त्याने इतक्या नव्या पोरांना खेळवलं की यादी करायला बसलं तर पान भरेल. प्रीतम कोटल, आपला गोव्याचा रोलिन बोर्जेस, उदांता, अनिरुद्ध थापा, हालीचरण नर्झारी. आज यांच्यातले कितीतरी जण आपण 'सिनियर' म्हणून ओळखतो. हे सगळं आपोआप झालेलं नाही, कुणीतरी त्यांना उचलून टीममध्ये टाकलं आणि चुकले तरी ठेवलं.

पण निकाल? सुरुवातीला भयंकर. जून 2015 ला वर्ल्ड कप पात्रता फेरीत आपण गुआममध्ये जाऊन 2-1 ने हरलो. गुआम म्हणजे प्रशांत महासागरातलं बेट, लोकसंख्या दीड-पावणेदोन लाख, म्हणजे कोल्हापूर शहराच्या साधारण एक तृतीयांश. सव्वाशे कोटींचा देश तिथे हरला म्हणून सोशल मीडियावर जे काय झालं ते आठवत असेल. त्याच फेरीत इराणकडून दोनदा मार, ओमानकडून दोनदा, तुर्कमेनिस्तानकडून दोनदा. आठपैकी एकच मॅच जिंकलो, ती गुआमविरुद्ध बंगळुरूला. शेवटचा नंबर. त्या वेळेला फेडरेशनने त्याला हाकललं असतं तर कुणीही एक शब्द बोललं नसतं. हाकललं नाही, आणि मला वाटतं आपल्या फेडरेशनने गेल्या वीस वर्षांत घेतलेल्या चांगल्या निर्णयांपैकी तो एक होता.

जानेवारी 2016 ला तिरुवनंतपुरमला सॅफ चॅम्पियनशिप, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची फुटबॉल स्पर्धा जिंकलो, अफगाणिस्तानला एक्स्ट्रा टाईममध्ये 2-1. मग लाओसला दोन्हीकडे हरवलं, गुवाहाटीला तर 6-1. आणि मग सप्टेंबर 2016, अंधेरी, पोर्टो रिको.

मुंबईत 61 वर्षांनी आंतरराष्ट्रीय मॅच! मी मूळचा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅच बघत वाढलेला, पाटाकडील विरुद्ध खंडोबा असलं की दुकानं अर्धी बंद, त्यामुळे भारताची मॅच मुंबईत आहे म्हटल्यावर तिकीट काढायचं की नाही असा प्रश्नच नव्हता. पोर्टो रिको आपल्या वर होतं रँकिंगमध्ये, चांगलं वर. आठव्या मिनिटाला त्यांनी पेनल्टीवर गोल केला आणि माझ्या बाजूचे दोघं म्हणाले झालं, परत तेच. मग नारायण दास, मग छेत्री, मग जेजे, हाफ टाईमच्या आत 3-1, आणि दुसऱ्या हाफमध्ये जॅकीचंदने चौथा मारला. स्टेडियममध्ये लोक एकमेकांकडे बघत होते की हे खरंच चाललंय का. आणि त्या मॅचला कॅप्टन कोण, तर छेत्री नाही, गोलकीपर गुरप्रीत. छेत्री टीममध्ये असताना! कॅप्टनशिप फिरवत ठेवायची ही त्याची पद्धत होती, म्हणजे उद्या छेत्री नसेल तेव्हा टीमने बावचळून जाऊ नये. तेव्हा लोकांना हे आवडलं नव्हतं. छेत्रीने 2024 ला निवृत्ती घेतली आणि 2025 ला ती मागे घ्यायला लागली, हे सगळं बघितल्यावर कॉन्स्टंटाईन काय करू बघत होता ते आज जास्त पटतं.

2017 ला मार्चमध्ये कंबोडियात 3-2, मग यांगूनला म्यानमारविरुद्ध नव्वदाव्या मिनिटाला छेत्रीचा गोल, 1-0, त्यांच्या घरात 64 वर्षांनी जिंकलो. जूनमध्ये बंगळुरूला किर्गिझस्तान 1-0, परत छेत्री. जुलैमध्ये रँकिंग 96. 1996 ला आपण 94 वर होतो, त्यानंतरचा सगळ्यात चांगला नंबर. ऑक्टोबरमध्ये मकाऊला 4-1 ने हरवून आशियाई कपसाठी पात्र ठरलो.

आता विरोधी गटाचा मुद्दा येतो, की हे रँकिंग म्हणजे खेळ होता, दुबळ्या टीम गाठून हरवल्या. याचं उत्तर नीट द्यायला पाहिजे. तेव्हा फिफाची पद्धत सरासरीची होती. प्रत्येक मॅचचे गुण म्हणजे निकाल गुणिले मॅचचं महत्त्व गुणिले समोरच्याचं रँकिंग गुणिले खंडाचा आकडा, आणि मग वर्षभराच्या मॅचची सरासरी. म्हणजे उगाच एखादी फ्रेंडली ठेवली आणि हरलो तर शून्य, सरासरी खाली. कुणाशी, कधी, किती मॅच खेळायच्या याचा विचार करणारा देश त्यात वर जायचा आणि विचार न करणारा खाली. त्याने विचार केला. यात लबाडी कुठे आहे? आणि रँकिंगचा उपयोग कागदावरच असतो असंही नाही, ड्रॉमध्ये कुठल्या पॉटमध्ये, म्हणजे ताकदीच्या कुठल्या गटात, पडतो ते त्यावरच ठरतं. शिवाय दुबळ्या टीमना हरवलं म्हणणाऱ्यांनी जरा आठवावं की त्याच्या आधी आपण त्या 'दुबळ्या' टीमनाही हरवत नव्हतो. आपल्या बरोबरीच्यांना घरी आणि बाहेर दोन्हीकडे सातत्याने हरवायचं, ही पहिली पायरी आहे, आणि ती पायरी बांधणारा कोच दिसायला सुंदर फुटबॉल खेळवत नसतो. तो गवंडी असतो, इंटिरिअर डेकोरेटर नाही.

म्हणजे टीका चुकीची होती असं मी अजिबात म्हणत नाहीये. ते फुटबॉल खरोखर रटाळ व्हायचं कधीकधी. मिडफिल्डमधून दोन पास नीट जायचे नाहीत. समोर दोन स्ट्रायकर, दोन्ही बाजूला पळणारे विंगर, बॉल मिळाला की पुढे, एवढाच प्लॅन. तंत्रात चांगले असलेले काही खेळाडू त्याच्या फिटनेसच्या निकषात बसले नाहीत म्हणून बाहेर राहिले. स्वभावाने कडक, पत्रकारांशीही सूर फारसा जुळला नाही. शेवटी शेवटी सिनियर खेळाडूंनाच तो नकोसा झालाय अशा बातम्याही आल्या होत्या.

जून 2018 मात्र वेगळाच होता. इंटरकॉन्टिनेंटल कप, परत अंधेरी. पहिल्या दिवशी चायनीज तैपेईला 5-0 ने हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला अधिकृत आकडा 2,569 माणसं. दुसऱ्या दिवशी छेत्रीचा तो व्हिडिओ आला, हात जोडून, शिव्या द्या पण स्टेडियममध्ये येऊन द्या. 4 तारखेला केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच, स्टेडियम फुल्ल, आणि मुंबईचा पहिला पाऊस असा कोसळत होता की ग्राउंडवर बॉल जागच्या जागी थांबत होता. हाफ टाईमला 0-0, सगळे चिंब, पण उठून कुणी गेलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये तीन गोल. लाँग बॉलवाल्या कोचची टीम त्या चिखलात बरोबर खेळली, कारण त्या ग्राउंडवर छोटे पास देऊन चालणारच नव्हतं. फायनललाही केनियाच, 2-0, दोन्ही छेत्री. मला त्या दहा दिवसांत पहिल्यांदा वाटलं की मुंबईत भारताच्या फुटबॉल टीमला प्रेक्षक आहे, फक्त त्याला बोलवावं लागतं. ऑक्टोबरमध्ये चीनमध्ये जाऊन 0-0.

आणि मग 6 जानेवारी 2019, अबुधाबी, थायलंड 4-1. छेत्री दोन, थापा, जेजे. आशियाई कपमध्ये 1964 नंतरचा पहिला विजय. 2011 ला आपण गेलो होतो तेव्हा तिन्ही मॅच हरून आलो होतो, 2015 ला गेलोच नव्हतो, त्यामुळे हे काय होतं ते ज्यांनी मधली वर्षं काढलीत त्यांनाच कळेल. थायलंडने दुसऱ्याच दिवशी त्यांचा कोच काढला. थापाचा तो तिसरा गोल मी अजूनही अधूनमधून बघतो. लाँग बॉल नाही, पळत आलेल्या उदांताचा पास आणि गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचललेला बॉल. त्या टीमला खेळता येत होतं.

यूएईकडून 2-0 हरलो, त्यात आपले दोन शॉट गोलच्या चौकटीला लागले. मग 14 तारीख, शारजा, बहरीन. बरोबरी झाली असती तरी बाद फेरीत. सुरुवातीलाच अनस जखमी होऊन बाहेर. बाकी मॅचभर आपण मागे मागे सरकत गेलो, बॉल मिळाला की लांब मारायचा आणि परत तोच बॉल आपल्याकडे येणार, गुरप्रीत एकामागून एक अडवतोय. नव्वद मिनिटं संपली. एक्याण्णवाव्या मिनिटाला कॅप्टन प्रणय हलदरकडून बॉक्समध्ये फाऊल, पेनल्टी, जमाल रशीद, 1-0. ग्रुपमध्ये चौथे. नव्वदाव्या मिनिटाला दुसरे होतो.

त्या रात्री मला त्याचा रागही आला. बरोबरीसाठी खेळायचं ठरवलंच असेल तर बॉल थोडा वेळ तरी स्वतःकडे ठेवता येणारा माणूस मैदानात हवा, हे मी आजही म्हणेन. तिथेच, मॅचनंतरच्या पत्रकार परिषदेत त्याने राजीनामा दिला. कारणं देत बसला नाही, पुढच्या करारासाठी बोलणी नाहीत.

नंतर 2022-23 ला तो ईस्ट बंगालला आला. आयएसएलमध्ये नववा नंबर. ते काही जमलं नाही, आणि मला वाटतं क्लबचं रोजचं काम त्याच्या प्रकृतीला मानवतच नाही. त्याची जागा म्हणजे नॅशनल टीम, तीसुद्धा तळातली, जिला कुणीतरी उभं करायला हवंय.

आणि त्याप्रमाणे ऑक्टोबर 2023 मध्ये तो पाकिस्तानचा कोच झाला. फिफाच्या बंदीतून सव्वा वर्षापूर्वी बाहेर आलेला देश, घरची लीग धड नाही, टीममधले बरेच जण इंग्लंडमध्ये वाढलेले. वर्ल्ड कप पात्रता फेरीत पाकिस्तानने तोपर्यंत एकही मॅच जिंकलेली नव्हती. याला तयारीला काही दिवस मिळाले. कंबोडियात 0-0, आणि 17 ऑक्टोबरला इस्लामाबादच्या जिना स्टेडियमवर 1-0, हारून हमीदचा गोल. मी ती मॅच रात्री मोबाईलवर हायलाईट्समध्ये बघितली. एकसष्ट वर्षांचा माणूस टचलाईनवर उड्या मारत होता. पुढे सौदी, जॉर्डन, ताजिकिस्तान यांनी पाकिस्तानला चांगलंच झोडपलं, ते अपेक्षितच होतं. पण पहिला विजय तो पहिला विजय, तो आता पुस्तकात कायमचा आहे, आणि काठमांडूपासून हा माणूस हेच करत आलाय.

आपण मात्र 14 ऑक्टोबर 2025 ला मडगावला, त्याच मडगावला जिथे 2004 ला त्याच्या टीमने सिंगापूरला हरवलं होतं, सिंगापूरकडूनच 2-1 ने हरलो आणि 2027 च्या आशियाई कपमधून बाहेर पडलो. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही हरलो. कोच आता खालिद जमील, आपल्या मुंबईत खेळलेला, मुंबई एफसीला वर्षानुवर्षं सांभाळलेला, आयझॉलला आयलीग जिंकून दिलेला. त्याच्याबद्दल आता जे ऐकतोय ते शब्द ओळखीचे आहेत: फार डिफेन्सिव्ह, लाँग बॉल, बघवत नाही. ऑगस्ट 2025 ला आलेल्या माणसाबद्दल वर्षही व्हायच्या आत लोक पुढचा परदेशी कोच कोण याच्या याद्या करायला लागलेत. खालिदला तेवढा तरी वेळ द्या, जेवढा गुआममध्ये हरून आल्यावर कॉन्स्टंटाईनला दिला होता.